स्वस्तातला 'डीएम ४२' घेण्याआधी ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा

इंदुरात सध्या कोणी 'डीएम ४२' हा कॅल्क्युलेटर निम्म्या किमतीत देऊ करत असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा. माझे अकरा हजार अशाच एका नकली यंत्रात अडकलेत.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: एचपीचा ४२एस हा कॅल्क्युलेटर १९८८ ते १९९५ एवढाच निघाला. त्याला 'बरोबर'चं (=) बटण नाही. आधी आकडे, मग क्रिया. आम्हा सर्व्हेवाल्यांचे ट्रॅव्हर्सचे (टप्प्याटप्प्याने कोन आणि अंतरं मोजत जाण्याचे), वळणांचे प्रोग्रॅम त्यावरच बसवलेले. जुनी यंत्रं बंद पडत चालली, तेव्हा स्विसमायक्रोज या स्विस कंपनीने २०१७ मध्ये डीएम ४२ आणला. आतलं गणित करतो फ्री ४२ हा मुक्त प्रोग्रॅम. तो जीपीएल परवान्यावर आहे, म्हणजे कोणीही घ्यावा, आपल्या डब्यात घालावा आणि विकावा. फक्त गिऱ्हाइकाने मागितला तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, द्यावा. यात चोरी काही नाही. चोरी आहे ती डब्यावर दुसऱ्याचं नाव छापण्यात.

जेल रोडच्या विक्रेत्याने मला वर्गमूळ काढून दाखवलं, साइन ३० दाखवला. वर म्हणाला, "देख लो भिया, एक भी जवाब गलत आए तो पैसे वापस." जवाब चुकणार कसा? हिशेब फ्री ४२ करत होता आणि तो प्रोग्रॅम चोख आहे. मुक्त फर्मवेअरच्या (यंत्रात भरलेल्या प्रोग्रॅमच्या) नकलेत हीच खरी मेख आहे. नकली घड्याळ वेळ तरी चुकवतं, हा रोजचा हिशेब बिनचूक करतो.

घरी केबल लावली आणि कॅल्क्युलेटर चक्क चार्ज होऊ लागला! अस्सल डीएम ४२ सीआर २०३२ या बटण-सेलवर चालतो, त्यात चार्जिंगचा प्रश्नच नाही. त्याच्या मेनूतून यूएसबी डिस्क चालू केली की तो संगणकावर पेनड्राइव्हसारखा उघडतो आणि जुने प्रोग्रॅम सरळ आत टाकता येतात. मी घेतला होता तो याचसाठी. इथे डिस्क दिसेचना, म्हणजे एकेक ओळ बोटांनी दाबत बसायची. बंद केल्यावर अस्सल यंत्राच्या पडद्यावर चित्र राहतं, याचा पडदा कोरा.

मग ०.१ एंटर, ०.२ अधिक, ०.३ वजा. उत्तर शून्य यायला हवं. आलं ५.५५ई−१७, म्हणजे शून्याला अगदी खेटून, पण शून्य नव्हे. फ्री ४२ दोन प्रकारांत मिळतो, बायनरी आणि दशमान. अस्सल यंत्रात ३४ अंकांचा दशमान आहे. इथे बायनरी भरलेला, आणि बायनरीत ०.१ नेमका बसत नाही. शेताच्या मोजणीत एवढ्याने धुऱ्याचा दगड हलणार नाही, हे खरं. पण मग पैसे कशाचे मोजले?

आणि हो, कंपनीचं फर्मवेअर अशा नकलेत जबरदस्तीने घालायला जाऊ नका. ते त्यांच्या चिपसाठी, त्यांच्या पडद्यासाठी बनलेलं असतं. आहे तेही यंत्र मरेल. नकलेला अपडेट मिळत नाही, त्यामुळे आज जी खोट आहे ती कायमची.

परत गेलो, सोर्स कोड मागितला. विक्रेता माझ्याकडे असा पाहू लागला जणू मी त्याच्या घराची किल्लीच मागितली. "माल तो चल रहा है ना?" हे एकच पालुपद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. अडचण अशी की हातात जी पावती आहे तिच्यावर 'कॅल्क्युलेटर, १ नग' एवढंच लिहिलंय, आणि यूपीआयचे पैसे दुकानाच्या नव्हे, कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात गेलेत. घेणार असाल तर कंपनी आणि मॉडेल बिलावर लिहून घ्या. लिहायला का-कू केली की तिथूनच मागे फिरा.

तक्रारीनंतर विक्रेत्याचा स्वतःहून फोन आला, दुसरा पीस बदलून देतो म्हणून. मी केबल सोबत घेऊनच गेलो. तोही चार्ज होतो.