लॅन केबल टेस्टर: टीव्हीचा बोर्ड बदलायच्या आधी हे घ्या

घरात स्मार्ट टीव्हीला लॅन केबल (राउटरमधून नेट आणणारी वायर) लावलीय आणि टीव्ही म्हणतोय केबल जोडलेलीच नाही, असं असेल तर बाकी काही करायच्या आधी हा साधा टेस्टर घ्या. ऑनलाइन दोनशे-तीनशेला मिळतो, मी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून घेतला. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, सगळीकडे साधारण हाच मिळतो, एक मोठा भाग, एक छोटा भाग, दोन्हीवर आठ-आठ लाइट. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, ती माझ्या डब्यात नव्हती, वेगळी घ्यावी लागली.

घ्यायचं कारण ताईचा टीव्ही. राउटर बेडरूममध्ये, टीव्ही हॉलमध्ये, मधे दोन जाड भिंती, म्हणून भावजींनी रिनोव्हेशनच्या वेळीच पाइपमधून केबल टाकून घेतली होती. वायफायवर मॅच बघताना सारखं गोल गोल फिरायचं आणि केबल लावली की टीव्ही तिला ओळखायचाच नाही. सर्व्हिसवाला आला, मेनू उघडून बघितला आणि लॅन पोर्ट गेलाय, बोर्ड बदलावा लागेल म्हणाला, केबल हातातसुद्धा घेतली नाही! मला याचा खरंच राग आला कारण असं ऐकून लोक हजारो रुपये घालवतात.

वापरायला एकदम सोपं. केबल राउटरमधून काढून मोठ्या भागात, टीव्हीकडचं टोक छोट्या भागात (चालू राउटरच्या पोर्टमध्ये टेस्टर कधीच खुपसू नका). मग दोन्हीकडे १ ते ८ लाइट ओळीने लागायला पाहिजेत, एक लाइट म्हणजे केबलमधली एक तार. एकजण बेडरूममध्ये, एकजण हॉलमध्ये, आणि बटण स्लोवर ठेवा म्हणजे नंबर नीट मोजता येतात. ताईकडे १ लागला, २ लागला, ३ गायब, पुढे ४ पासून सगळे बरोबर. टीव्हीकडचा जॅक (केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग) उजेडात धरून बघितला तर पांढरी-हिरवी तार आखूड कापली गेलेली, बाकीच्या सात जॅकच्या टोकापर्यंत पोचलेल्या आणि ही अलीकडेच थांबलेली, सोनेरी पातीखाली आलेलीच नाही. गल्लीतल्या सीसीटीव्हीवाल्याकडून जॅक कापून नवीन मारून घेतला आणि टीव्हीवर लगेच कनेक्टेड आलं. पोर्ट ठणठणीत होता.

एक गोष्ट माहीत असलेली बरी, बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, अगदी महागड्या टीव्हीतसुद्धा, आणि त्याला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा लागतात. म्हणजे ७ किंवा ८ लागत नसेल तरी टीव्ही चालू शकतो, पण ३ गेली की संपलं. आणि स्पीड टेस्टमध्ये केबलवर नव्वद-पंच्याण्णवच येतंय आणि वायफायवर दोनशे, म्हणून केबल खराब समजू नका, पोर्टची मर्यादाच ती आहे. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं, त्यामुळे नव्वद भरपूर झाले, भिंती आणि शेजाऱ्यांचे वायफाय मधे येत नाहीत हा केबलचा खरा फायदा.

आता टेस्टर कुठे कमी पडतो ते पण सांगतो. तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलीय का एवढंच बघतो. इलेक्ट्रिशियनने रंगांच्या जोड्या सरळ एकापुढे एक लावल्या, केशरीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, दोन्हीकडे सारख्याच, तर आठही लाइट छान लागतात पण ३ आणि ६ एकाच जोडीतल्या हव्यात त्या वेगवेगळ्या जोडीतल्या होतात आणि लांब केबलवर बफरिंग सुरू होतं. म्हणून जॅकमधून रंग डोळ्यांनी बघायचेच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. तसंच तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही इथे पास होते, ती ओळखायला तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर दुकानदाराला परत करा, पाइपमध्ये टाकायला ती नकोच, दोन-चारदा वाकवली की तुटते.

आणि आठही लाइट बरोबर आहेत, रंग बरोबर आहेत तरी नेट नाही, तर मग टीव्हीच्या नेटवर्क स्टेटसमध्ये आयपी अ‍ॅड्रेस बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर टीव्हीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. टीव्हीत आयपी सेटिंग ऑटोमॅटिकवर आहे ना बघा, राउटर बंद करून चालू करा, नाहीतर केबल दुसऱ्या पोर्टला लावा, फायबरच्या काही डब्यांवर एखादा पोर्ट सेट-टॉप बॉक्ससाठीच बांधलेला असतो आणि तिथे टीव्ही लावला की नेट येतच नाही, हे नेटवाल्याला फोन करून विचारता येतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो बॅटरीच्या झाकणासाठी, फारच तकलादू आहे, आणि बटण पिशवीत दाबलं जाऊन आपोआप चालू होतं त्यामुळे काम झालं की बॅटरी काढून ठेवा.