पूर्ण शिष्यवृत्ती की जाहिरातीचा करार?

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या लेकीच्या दोन ऑफर आमच्या डायनिंग टेबलावर पसरल्या होत्या. पोरगी न्यू जर्सीत वाढलेली, टेनिस खेळते. एका कॉलेजची पूर्ण शिष्यवृत्ती. दुसरं कॉलेज मोठ्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियमचं. तिथे अर्धी शिष्यवृत्ती, शिवाय एका दुकानाच्या जाहिरातींचे वर्षाला २० हजार डॉलर. घरून भरायचे १५ हजार. म्हणजे वर पाच हजार सुटतात, असं तिच्या बाबांचं गणित.

२०२१च्या १ जुलैपर्यंत असा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या खेळाडूने जाहिरातीचे पैसे घेतले की तो बाद. त्या दिवसापासून एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने, खेळाडूला आपलं नाव-चेहरा विकायची मुभा दिली, तेच हे एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस). २०२५पासून तर कॉलेजंही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. आकडा डोळे दिपवतो, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलवाले नेतात. टेनिसच्या ताटात काय पडणार?

आता बाबांच्या गणिताकडे वळू. करारातली कमाई स्वयंरोजगाराची धरतात. त्यावर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर, म्हणजे २० हजारांवर २,८००च्या आसपास. एजंटचे दहा टक्के धरले तर आणखी दोन हजार. सुटणाऱ्या पाच हजारांतले उरले जेमतेम दोनशे, आणि आयकर अजून लावलेलाच नाही.

शिष्यवृत्तीचं तसं नाही. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, २०२४पासून खेळ खालावला किंवा दुखापत झाली म्हणून ती काढून घेता येत नाही. कराराला असा आधार नाही. लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (फुटबॉल संघाची चाल ठरवणारा खेळाडू) मॅथ्यू स्लूका २०२४च्या हंगामात तीन सामने जिंकून संघातून बाहेर पडला. कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं, तर विद्यापीठाने ते नाकारलं. व्यवहार तोंडी होता असं म्हणतात.

तरी दुसरी ऑफर मूर्खपणाची म्हणता येणार नाही. बास्केटबॉलमधल्या मुलीला मी कदाचित उलटं सांगितलं असतं. केटलिन क्लार्क २०२४मध्ये डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, पहिल्या क्रमांकाने निवडली गेली, तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. चाहते असलेल्या मुलीची कॉलेजातली कमाई तेव्हा याहून जास्त असू शकत होती. कॉलेजची चार वर्षं हीच तेव्हा सुगी होती.

आणि पुण्याहून येऊ पाहणारा आपल्या टेनिसवाल्या पोरीचा मामेभाऊ? त्याच्यापुढे जाहिरातीच्या पैशांचा पर्यायच नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर अमेरिकेत जाहिरातीचं काम करणं म्हणजे व्हिसा पणाला लावणं. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉल खेळाडू. २०२२मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा त्याने आपलं जाहिरातीचं चित्रीकरण तिथे उरकलं, कारण ती अमेरिकेची जमीन नव्हती. मामेभावाला टेनिस संघ बहामाला नेईल या आशेवर तिकीट काढू नको म्हणावं. त्याने शिष्यवृत्तीची टक्केवारी तेवढी बघावी.

पोरीने शेवटी दोन्ही प्रशिक्षकांना एकच विचारलं: दुसऱ्या वर्षी माझा खांदा गेला तर? एकाने शिष्यवृत्तीचं कलम ईमेलने धाडलं. दुसऱ्याने कराराचा मसुदा पाठवला. त्यात सातव्या ओळीत होतं, 'संघात सक्रिय असेपर्यंत'. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.