कुडाळहून ६१२ खोकी: कुरिअर अ‍ॅप आठ महिने वापरल्यावर

गेल्या जूनपासून आमची आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ आणि पोह्याचे पापड मी एका कुरिअर अ‍ॅपवरून पाठवते. आठ महिन्यांत ६१२ खोकी गेली. प्रत्येक खोक्याची नोंद वहीत आहे, म्हणून आकड्यांसह लिहिते. अ‍ॅपचं नाव देत नाही. अशी अ‍ॅप्स आता बरीच आहेत आणि दुसरी वापरणाऱ्या मैत्रिणींचा अनुभवही थोड्याफार फरकाने हाच आहे.

आधी आमचा माल लक्झरीच्या डिकीतून जायचा. खोकं रात्री ड्रायव्हरच्या हवाली करायचं, त्याचा नंबर गिऱ्हाइकाला द्यायचा आणि गिऱ्हाइकाने पहाटे साडेचारला दादरला येऊन उभं राहायचं. चाकरमानी नातेवाईक येतात, अनोळखी गिऱ्हाईक कशाला येईल? म्हणजे ज्याचं कोणी मुंबईत आहे त्यालाच आपला माल मिळायचा. नागपूर, नाशिक, बंगळुरूचा तर विचारच नव्हता.

अ‍ॅप स्वतः माल नेत नाही, हे मला पहिल्या महिन्यात कळलं. ते बऱ्याच कुरिअर कंपन्यांकडून घाऊक दर ठरवून घेतं आणि पाच-दहा खोकी पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांनाही त्यातूनच भाव देतं. आपला पिनकोड, गिऱ्हाइकाचा पिनकोड आणि वजन टाकलं की यादी येते: कोण नेईल, किती दिवसांत, किती रुपयांत. पुण्याला एक किलोचे गावातल्या काउंटरवर १३० रुपये पडत होते. अ‍ॅपवर त्याच दिवशी ७४ पासून ११० पर्यंत पाच भाव दिसले. त्या दिवशी मी आणि माझी जाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो. तोवर कोणी भाव सांगितला की तो द्यायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं.

या धंद्याचं रूप गेल्या दहा-पंधरा वर्षांत नव्या कंपन्यांनी पालटलं. गुरुग्रामची दिल्लीव्हरी २०११ची, पुण्याची एक्सप्रेसबीज २०१५ची, तीही लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या फर्स्टक्रायच्या पोटातून निघालेली. ऑनलाइन दुकानांचा माल घरोघर पोचवायला त्यांनी जे जाळं विणलं, त्यातूनच आज माझं खोकं जातं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही तिथेच अडकतं, पण कुठे अडकलंय ते मला दिसतं आणि गिऱ्हाइकालाही दिसतं. आधी दिवसाला दहा फोन यायचे, ‘ताई, माझं पार्सल कुठे आहे?’ आता आठवड्याला दोन येतात.

आता वजनाबद्दल, कारण नवीन माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. पोह्याच्या पापडांचं माझं खोकं ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचं होतं. काट्यावर १ किलो १५० ग्रॅम. मी दीड किलोचे पैसे भरले आणि चार दिवसांनी अ‍ॅपच्या वॉलेटमधून, म्हणजे तिथे आगाऊ भरून ठेवलेल्या पैशांतून, आणखी पैसे कापले गेले. कुरिअरवाले आकाराचं वजनही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. १५,००० भागिले ५,००० म्हणजे ३ किलो. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. टेम्पोत जागा अडते, म्हणून हा हिशेब चुकीचा नाही. पण हे नोंदणी करतानाच ठळक सांगायला हवं होतं. जाऊबाईंनी मग पापड उभे न लावता आडवे, घट्ट थरांत लावून पाहिले आणि तेवढाच माल २२ बाय १८ बाय १२ च्या खोक्यात बसला. ४,७५२ भागिले ५,०००, म्हणजे एक किलोच्या आत. त्यानंतर काट्यावरचं वजनच जास्त भरायला लागलं.

तरीही त्याच छोट्या खोक्याचं अडीच किलो लावल्याचे प्रकार झाले. आठ महिन्यांत असे २३ वाद मी घातले, १५ जिंकले. जिंकलेल्या प्रत्येक वेळी माझ्याकडे फोटो होते: खोकं काट्यावर, आकडा स्पष्ट, लेबल दिसतंय आणि तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावलेली. हरलेल्या आठांत फोटो नव्हते किंवा सात दिवसांची मुदत टळली होती. तेव्हा लेबल चिकटवल्यावर आधी फोटो, मग पिकअप.

कॅश ऑन डिलिव्हरीचा घाव याहून खोल आहे. माझी २१४ खोकी तशी गेली, ३६ परत आली. आधीच पैसे भरलेल्या ३९८ पैकी फक्त ५. परत आलेल्या खोक्याचं जायचं भाडं जातं, यायचंही लागतं, आणि आगळाची बाटली दोन प्रवास करून आली तर झाकण सैल झालेलं असतं. एका खोक्यात अर्धी बाटली सांडून शेजारचं पीठ लालभडक झालं होतं. ते टाकून देताना जीव तुटला, कारण कोकमं फोडून, मिठात घालून ते आगळ आम्ही घरात केलेलं असतं. नोव्हेंबरपासून मी खोकं निघण्याआधी स्वतः फोन करते. तोवर १४० पैकी ३० परत आली होती, त्यानंतर ७४ पैकी ६.

‘ग्राहकाने नाकारले’ या शेऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नागपूरच्या एका बाईंच्या पार्सलवर तो शेरा दिसला. मी लगेच फोन केला, तर त्या दिवसभर घरी होत्या, कोणी आलंच नव्हतं. अ‍ॅपवर त्याच दिवशी पुन्हा पाठवा असं कळवलं, तर पार्सल वाचतं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की ते परतीला लागतं.

पण मी पोऱ्यांना दोष देणार नाही. आमच्याकडे पिकअपला येणारा मुलगा दोन कंपन्यांचं काम करतो, एकाच मोटारसायकलवर. दिवाळीच्या आधी तो दारात उभा राहून म्हणाला, ‘वयनी, आज पन्नास खोके हत, गाडयेर रवणत नाय.’ त्याला दर पार्सलमागे पैसे मिळतात. पावसात गाडी घसरली तर दुरुस्ती त्याची. स्क्रीनवर पाच कंपन्यांची नावं दिसतात, पण आमच्या गावात शेवटी तोच एक मुलगा असतो. स्वस्त दरातली बचत कोणाच्या खिशातून येते, ते मला त्या दिवशी दिसलं. आता मी खोकी दुपारी एकलाच बांधून ठेवते, म्हणजे त्याला थांबावं लागत नाही.

अजून एक काळजी आहे. दिल्लीव्हरीने २०२५ मध्ये ईकॉम एक्सप्रेस विकत घेतली. कंपन्या अशा एकमेकींत मिसळत गेल्या तर यादीतले पाच भाव दोनावर येतील, आणि मोठ्या शहरांपेक्षा ४१६ ने सुरू होणाऱ्या आमच्या पिनकोडांना ते आधी जाणवेल. म्हणून पोस्ट मी सोडलेलं नाही. गडचिरोलीतल्या आतल्या गावाची ऑर्डर आली तेव्हा अ‍ॅपवर ‘सेवा उपलब्ध नाही’ आलं; स्पीड पोस्टने ती पोचली. ज्या पिनकोडवर हे सगळे स्टार्टअप चालतात, तोही पोस्टानेच १५ ऑगस्ट १९७२ ला आणला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच, संस्कृतचे कवी.

महिन्याला पन्नासच्या वर खोकी जात असतील आणि माल सुका असेल तर असं अ‍ॅप जरूर घ्या. पहिला महिना कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा, वॉलेटमध्ये हजार-दीड हजारापेक्षा जास्त ठेवू नका. आगळ पाठवायचंच असेल तर झाकणावर आधी प्लास्टिक, मग टेप, आणि बाटली वेगळ्या पिशवीत.

एप्रिलमध्ये आंबा सुरू होईल. हापूसची पेटी मात्र मी यावरून पाठवणार नाही. ती पूर्वीसारखीच रात्रीच्या लक्झरीने, ड्रायव्हरच्या हातात देऊन जाईल.