पाच पास, एक क्रमांक आणि 15,067 रुपये

मी 31 वर्षे सरकारी लेखापरीक्षेत काढली. प्रवासभत्त्याच्या बिलांना जोडलेली खोटी तिकिटे, सुट्टीच्या दिवशी दाखवलेली खरेदी, एकाच पावतीपुस्तकातील लागोपाठचे क्रमांक तीन वेगवेगळ्या महिन्यांत कसे आले, असल्या गोष्टी हुडकून काढण्यात माझी नोकरी गेली आणि त्यापायी अनेकांशी वाकडेपणाही आला. त्याच मला डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या तीन दिवसांच्या सहलीसाठी घेतलेल्या पासांत 15,067 रुपयांना गंडा घातला गेला. घरच्यांनी हा विषय चारचौघांत काढू नये असे सुचवले होते. परंतु याच प्रकारची जाहिरात आता मुंबईच्या नावाने फिरू लागली आहे, त्यामुळे लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

अशा प्रकरणांची चाल सर्वांना ठाऊक असते. कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटात एक जाहिरात येते, ती ओळखीच्या माणसाने पाठवलेली असते, तिच्यातील क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, पैसे जातात आणि काही दिवसांनी फोन बंद होतो. यात मी नवीन काय सांगणार? सांगायचे आहे ते एवढेच, की ती जाहिरात खोटी असल्याचा पुरावा त्या जाहिरातीतच होता, तो मी वाचला होता, त्यावर प्रश्नही विचारला होता, आणि तरीही पैसे भरले.

जाहिरात होती ‘दिल्ली दर्शन एकत्रित पास’ची. मेट्रो, शहर बस आणि 12 प्रेक्षणीय स्थळे, तीन दिवस, मोठ्या माणसाला 2,450 रुपये आणि मुलांना 1,650. आम्ही पाच जण जाणार होतो. मी, पत्नी, वर्ध्याहून येणारी मुलगी, 13 वर्षांचा नातू आणि 9 वर्षांची नात. तीन मोठ्यांचे 7,350 आणि दोन मुलांचे 3,300, मिळून 10,650 झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी लावून 1,917 रुपये मागितले गेले. हे गणित मी कागदावर करून पाहिले आणि ते रुपयापर्यंत बरोबर निघाले, याचे मला समाधान वाटले, हे आज लिहिताना स्वतःचीच चीड येते. कर बरोबर लावला म्हणजे माल खरा, असे मी नोकरीत एकदाही मानले नव्हते. 2 डिसेंबरला 12,567 रुपये भरले. 9 डिसेंबरला ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून माणशी 500 प्रमाणे आणखी 2,500 मागितले, तेही भरले.

माझा विश्वास का बसला, तेही सांगतो, म्हणजे ‘शिकलेला माणूस असा कसा फसला’ हा प्रश्न निदान अर्धा तरी सुटेल. आम्ही नागपुरात सुभाषनगर मेट्रो स्थानकाजवळ राहतो. सीताबर्डीला जायचे असो की स्टेशनला, मेट्रोचे महाकार्ड टेकवले की दार उघडते, हे इतके अंगवळणी पडले आहे, की दिल्लीसारख्या शहरात मेट्रो, बस आणि संग्रहालये असे सगळेच एका पासात मिळत असेल, हे मनाला सहज पटले. दुसरे म्हणजे तो माणूस आपल्या बोलीत बोलत होता. हिंदीत ‘सर, सर’ करणाऱ्यांना मी दोन वाक्यांत वाटेला लावतो. पण हा म्हणाला, ‘‘काका, मी सक्करदऱ्याचा. काहून टेन्शन घेऊन राहिले? आपल्या माणसाला कोण फसवते जी?’’ तो खरोखर सक्करदऱ्याचा होता की नाही, देव जाणे. पण त्या एका ‘काहून’ने माझी निम्मी शंका विरघळवली. फोनवर कोणी आपल्या गावची बोली बोलू लागला, तर तिथेच अधिक सावध व्हा.

आता तो क्षण. माझे पास 23 ते 25 डिसेंबरचे होते, म्हणजे सोमवार ते बुधवार. पहिल्या दिवसाच्या रकान्यात लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि रेल्वे संग्रहालय छापलेले होते. ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. आपला अजब बंगलासुद्धा सोमवारी बंद असतो. 1863 पासून नागपुरात असलेल्या या संग्रहालयाच्या फाटकातून मी याच नातवंडांना एकदा सोमवारी परत आणले आहे आणि नातीने रस्ताभर रडून काढले आहे. त्यामुळे तो रकाना वाचताच माझ्या डोक्यात ‘सोमवार’ हा शब्द अडकला. मी फोन केला. विचारले, ‘‘अहो, सोमवारी संग्रहालये उघडी कशी?’’ क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, ‘‘काका, पब्लिकसाठी बंद राहते. पासवाल्यांसाठी वेगळी खिडकी असते.’’

मी ‘बरं’ म्हणालो. या ‘बरं’चे मला 15,067 रुपये पडले. नोकरीत असताना कोणा कनिष्ठ अभियंत्याने मला सांगितले असते, की गोदाम बंद होते पण आमच्यासाठी वेगळी खिडकी उघडली, तर मी त्याच्याकडून त्या खिडकीची चावी कोणाकडे असते ते लेखी घेतले असते. इथे मात्र गाडीचे आरक्षण झाले होते, नातवंडांना सांगून झाले होते, आणि मुख्य म्हणजे आपण एवढी चौकशी करतो आहोत याचेच मला कौतुक वाटत होते. प्रश्न विचारला की सावधगिरी संपली, असा माझा समज झाला. त्या दिवशी आंतरजालावर ‘लाल किल्ला सोमवार’ एवढे दोन शब्द टाकले असते, तर दोन मिनिटांत प्रकरण मिटले असते.

त्याच यादीत दुसरीही गोष्ट होती, जी मला गाडीत बसल्यावर दिसली. 12 स्थळांपैकी राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक, कमळ मंदिर आणि गांधी स्मृती या पाच ठिकाणी मुळात प्रवेशशुल्कच नाही. हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार इथे भारतीयांना ऑनलाइन तिकीट 35 रुपयांचे होते, आणि पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. म्हणजे माझ्या दोन्ही नातवंडांचे 3,300 रुपये ज्या प्रवेशासाठी घेतले गेले, तो त्यांना बऱ्याच ठिकाणी फुकटच होता. राष्ट्रीय संग्रहालयाचे तिकीट मोठ्या माणसाला 20 रुपये. पास घेण्याआधी त्यातील प्रत्येक ठिकाणाचे सुटे तिकीट किती आहे ते कागदावर मांडा; फुकट जागा ज्या यादीत ‘समाविष्ट’ म्हणून लिहिलेल्या असतील, ती यादी तिथेच फाडा.

मेट्रोचेही तसेच. दिल्ली मेट्रोचे खरे पर्यटक कार्ड असते, ते स्थानकाच्या खिडकीवर मिळते. एका दिवसाचे 200 आणि तीन दिवसांचे 500 रुपये, त्यातील 50 रुपये कार्ड परत केल्यावर मिळतात. ते हातात धरायचे प्लास्टिकचे कार्ड आहे, कोणाच्या फोनवर चित्र म्हणून येत नाही. शिवाय आमच्यासारख्यांना ते घेण्याचीही गरज नव्हती. तेव्हा एका फेरीचे जास्तीत जास्त भाडे 60 रुपये होते आणि शहराच्या मध्यभागी फिरताना त्याच्या निम्म्यातच काम भागत होते. दिवसाला तीनचार फेऱ्या करणाऱ्याला साधे स्मार्ट कार्ड पुरते, त्यावर 10 टक्के सवलतही मिळते. ज्यांना टोकापासून टोकापर्यंत दिवसातून चारदा जायचे आहे, त्यांनीच पर्यटक कार्डाचा विचार करावा.

23 तारखेला धुक्यामुळे गाडी तीन तास उशिरा नवी दिल्लीला पोहोचली. करोलबागच्या हॉटेलात सामान टाकायचे होते, म्हणून आम्ही बॅगा घेऊन मेट्रो स्थानकात उतरलो. इथे आणखी एक कबुली द्यावी लागते. फोनवर आलेले ते पाच पास मी नागपुरात रंगीत छापून घेतले होते आणि नातवंडांच्या हातून चुरगळतील म्हणून त्यांना लॅमिनेशनही केले होते. लॅमिनेशनसह छपाईचे 200 रुपये मी वरच्या रकमेत धरलेले नाहीत. तो चकचकीत कागद मी यंत्रावर ठेवला. लाल दिवा लागला. उलटा ठेवला, पुसून ठेवला, मफलरच्या टोकाने घासून ठेवला. मागे रांग वाढू लागली, कोणी ‘अंकल जी, साइड में’ म्हणाले, आणि नातू शांतपणे म्हणाला, ‘‘आजोबा, पाचही पासांवर एकच नंबर आहे.’’

मी चष्मा चढवून पाहिले. नावे वेगळी, वये वेगळी, आणि खाली छापलेला क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. पावत्यांचे क्रमांक तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याने ते पास 12 दिवस घरातल्या कपाटात ठेवले होते, दोनदा बाहेर काढून पत्नीला कौतुकाने दाखवले होते, आणि क्रमांक वाचले नव्हते. खिडकीवरच्या मुलीने पास हातात घेतले, एकदा माझ्याकडे आणि एकदा नातवंडांकडे पाहिले, आणि काही न बोलता पाच साधी तिकिटे दिली. तिच्या त्या न बोलण्याचे मला आजही वाईट वाटते. फोन लावला तर तो बंद. आणि अर्थातच, त्या दिवशी लाल किल्लाही बंद होता.

सहल कशीबशी पार पडली. तक्रार नागपुरात परतल्यावर करू, मुलांचा हिरमोड नको, असे मी ठरवले. हे चुकले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन करायला पाच मिनिटे लागतात, ते स्थानकावरूनच करायला हवे होते. पैसे जाऊन 21 दिवस झाले होते, तेव्हा चार दिवसांनी काय बिघडणार होते, असे मी स्वतःला समजावतो. पण जिथे लक्षात येईल तिथेच उभे राहून तो क्रमांक फिरवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

27 डिसेंबरला आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेलो. तिथे मला पहिले वाक्य ऐकू आले ते असे, ‘‘काका, अधिवेशनाचा बंदोबस्त आत्ता संपला, आता थर्टी फर्स्ट आला. दोन तारखेला या.’’ 2 जानेवारीला गेलो. ‘गुन्हा दिल्लीत घडला, तिकडे तक्रार करा’ असे सांगण्यात आले. मी म्हणालो, की पैसे नागपुरातील खात्यातून, नागपुरात बसून, माझ्या खाटेवरून गेले आहेत. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते कलम मी छापून नेले होते. समोरच्या साहेबांनी कागद न वाचता विचारले, ‘‘काका, तुम्ही वकील आहात का?’’ नाही म्हणालो. ‘‘मग?’’ या ‘मग’वर माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर त्यांनी मला दुसऱ्या कार्यालयात पाठवले, त्या कार्यालयाने ‘रक्कम लहान आहे, ठाण्यातच होईल’ म्हणून परत पाठवले, आणि या येरझाऱ्यांत अडीच आठवडे गेले. तिसऱ्या फेरीत कोणी तरी माझे बोलणे पूर्ण ऐकले, ती बाई शिपाई होती आणि तिच्या टेबलावर संगणक नव्हता.

बँकेचे वर्तन आणखी थंड. मी ज्या शाखेत 22 वर्षे निवृत्तिवेतनासह सगळे व्यवहार केले, तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले, की पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी वाचले आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला संरक्षण आहे. माझी संमती होती, हे मला मान्य आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्यावर कारवाईसाठी पत्र पाठवा, एवढेच मी मागत होतो, आणि त्यासाठी मला चार वेळा अर्ज द्यावा लागला. पहिला अर्ज गहाळ झाला, दुसऱ्यावर शिक्का नव्हता, तिसरा ‘योग्य नमुन्यात’ नव्हता. योग्य नमुना कोणता, ते कोणालाच सांगता आले नाही. पैसे पाठवताना पडद्यावर पर्यटन कंपनीऐवजी कुठल्या तरी मोबाइल दुकानाचे नाव आले होते, हेही मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिले. व्यवस्थापकांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. पडद्यावर येणारे नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका. मी वाचले होते, तरी टाकला, ही माझी गत.

मुंबईची जी जाहिरात आता गटात आली आहे, तिच्यात लोकल, बस आणि संग्रहालये असे सगळे आहे, आणि बुधवारच्या रकान्यात भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, जे बुधवारी बंद असते. लोकलचे पर्यटक तिकीट एक, तीन आणि पाच दिवसांचे असते, ते रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मिळते आणि त्याचा संग्रहालयांशी काही संबंध नाही. जाहिरात पाठवणाऱ्या गृहस्थांना मी हे कळवले. त्यांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले, जाहिरात मात्र अजून तिथेच आहे.

अखेर तक्रार नोंदली गेली आणि समोरच्या खात्यात 1,140 रुपये गोठवल्याचे समजले. ते मिळवण्यासाठी तेव्हा न्यायालयात अर्ज करावा लागत होता, तो मी केला. अर्जासोबत मूळ पास हवे होते. मी लॅमिनेशन केलेले पाचही पास दिले. त्यांच्या झेरॉक्सवर चकाकीमुळे क्रमांकाच्या जागी काळा पट्टा आला, म्हणून ते मला हाताने लिहून द्यावे लागले. एकच क्रमांक मी पाच वेळा लिहिला. पुढची तारीख 16 जून 2025 मिळाली. त्या दिवशी सोमवार येतो, हे मी लगेच कॅलेंडरात पाहून घेतले आणि खिडकीवरच्या कारकुनाला विचारले, की सोमवारी कार्यालय नक्की उघडे असते ना.