झडप बदलायचीच आहे, तर मेकॅनिकल की टिश्यू?

जंतुसंसर्गाने हृदयाची झडप फाटली, इंजेक्शनं चालू असूनही दम वाढतच गेला आणि नागपूर-सेवाग्रामकडच्या सर्जनने "बदलावी लागेल" असं सांगितलं, की घरच्यांच्या हातात फार तर एक-दोन दिवस असतात. प्रश्न एकच: मेकॅनिकल (कारखान्यात घडवलेली) की टिश्यू (जनावराच्या ऊतीपासून केलेली)? मी स्वतः टिश्यू निवडली. ती सगळ्यांनाच सोयीची पडेल असं नाही. पण ज्याचा वेळ वावरात जातो आणि दवाखाना म्हणजे ज्याला तालुक्याचा एक दिवस मोडणं, त्याने काय पाहावं ते मांडतो.

आधी एक गैरसमज. मेकॅनिकलला लोक 'लोखंडी' म्हणतात आणि लोखंडाला जंतू धरत नाहीत असं समजतात. तिची पाती बहुधा कार्बनची असतात, आणि जंतू बसायला झडप शिवायची कापडी कड पुरते. ती कड दोन्हींना असते. पुन्हा संसर्ग होण्याचा धोका दोन्हींत जवळपास सारखाच. तो ठरतो सडलेला भाग किती निपटून काढला आणि अँटिबायोटिकचा कोर्स पुरा केला की नाही यावर. काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू वाढले, तर कोर्सचे दिवस ऑपरेशनपासून पुन्हा मोजतात. टाके सुकले म्हणून सुट्टी मागू नका. आणि मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) असेल तर दुरुस्ती जमते का, हे सर्वांत आधी विचारा. जमली तर पुढचं वाचायची गरजच नाही.

मेकॅनिकलची जमेची बाजू मोठी आहे: ती झिजत नाही. पन्नाशीच्या आतल्या माणसाला डॉक्टर बहुधा तीच सुचवतात, आणि पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली चित्रा झडप 1990 साली पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. तेव्हापासून मेकॅनिकल गरिबाच्याही आवाक्यात आली. टिश्यू मात्र साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणात त्याहून लवकर, मायट्रलच्या जागी आणखी लवकर. दुसऱ्यांदा छाती उघडणं जास्त जोखमीचं, कारण हृदय आतून हाडाला चिकटलेलं असतं. हा टिश्यूचा खरा दोष आहे, तो झाकून चालणार नाही.

तरी माझा कौल फिरला तो एका निळ्या झाकणाच्या नळीपायी.

मेकॅनिकल झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल जन्मभर घ्यावी लागते, आणि डोस बरोबर आहे का हे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासूनच कळतं. आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ. एओर्टिक झडपेला (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी) साधारण 2 ते 3, मायट्रलला 2.5 ते 3.5. डोस बसल्यावरही महिन्याला एकदा तरी तपासणी, सुरुवातीला आठवड्याला. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असतं आणि रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग असं खुणेपर्यंतच भरावं लागतं. शीर सापडली नाही म्हणून अर्धी नळी भरली, तर आयएनआर खोटाच जास्त येतो. मग डॉक्टर फोनवर गोळी कमी करतात आणि झडपेवर गुठळी धरायला वाट मोकळी होते. हीच नळी मे महिन्याच्या उन्हात मोटरसायकलच्या डिक्कीतून जिल्ह्याच्या लॅबला गेली, तर आकड्याचा भरवसा आणखी कमी. काही ठिकाणी रिपोर्टवर नुसते सेकंद येतात, आयएनआर छापलेलाच नसतो. वर त्या दिवसाची मजुरी बुडते. ऑपरेशन महात्मा फुले योजनेच्या कार्डावर होतं, पण दर खेपेचं गाडीभाडं खिशातून जातं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा माणूस लॅबला जाणार कसा?

आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या इथे चालत नाहीत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेकॅनिकल झडपेवर यातलीच डॅबिगॅट्रान दिलेल्यांत गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

आकड्यापलीकडेही त्रास आहे. कंबर धरली म्हणून गावातल्या डॉक्टरने डायक्लोफेनॅकची सुई कुल्ल्यावर टोचली, की पातळ रक्तामुळे आत रक्ताची गाठ साचते. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आयएनआर वर नेते, टीबीची रिफाम्पिसिन एकदम खाली आणते. पालक, मेथी, चवळी बंद करायची नसते, रोज सारख्या मापात खायची असते. पण पाऊस पडला की ताटात महिनाभर रानभाजीच येते, तिथे सारखं माप कोण ठेवणार? आणि पऱ्हाटीत साप चावला, तर विषबाधा ओळखायची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी या गोळ्यांमुळे फसवी ठरू शकते.

बिघडण्याची रीतही वेगळी. टिश्यू बहुधा सांगून बिघडते: महिनोन्महिने दम वाढत जातो, वर्षाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते बिघडणं दिसतं, तारीख ठरवता येते. मेकॅनिकलवर गुठळी अडकली, की टिकटिक मंदावते, दम लागतो आणि तास मोजावे लागतात. तिथून मोठं हॉस्पिटल चार तासांवर असेल तर हिशोब बदलतो, असं मला तरी वाटतं.

काहींच्या बाबतीत पारडं आपोआपच झुकतं. संसर्गाचे तुकडे मेंदूत जाऊन रक्तस्राव झालेला असेल, तर पुढचे आठवडे रक्त पातळ ठेवणंच घातक. म्हणून ऑपरेशनपूर्वी मेंदूचा सीटी झाला का, हे विचारून घ्या. मूल हवं असलेल्या बाईला वॉरफरिन पहिल्या तिमाहीत गर्भासाठी धोक्याची. टिश्यूलाही सुरुवातीला तीनेक महिने रक्त पातळ करायची गोळी देतात, पण ती थांबते. ही झडप गायीच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराची असते. घरात ते चालणार नसेल तर सर्जनला आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खर्रा सोडणं आणि दात नीट करून घेणं दोन्हींत सारखंच. दात काढण्याआधी अर्धा-एक तास अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, ॲलर्जी नसेल तर. ताप आला तर अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर. गोळी आधी पडली की जंतू कल्चरमध्ये सापडत नाही आणि पुढचे सहा आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं.

सहीआधी घरातल्या एकाने तालुक्याच्या लॅबमध्ये जाऊन यावं. निळी नळी आहे का, रिपोर्टवर आयएनआर छापतात का, नमुना तिथेच तपासतात की बाहेर पाठवतात. तिन्हींची उत्तरं पक्की मिळाली, रस्ता बारमाही असला आणि पेशंट तिशीच्या आतला असला, तर मेकॅनिकलला माझी हरकत नाही. नाहीतर चाळिशीच्या माणसालाही मी टिश्यूच सुचवेन, दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता तोंडावर सांगून.