एचटूआरजी डिटेक्टर: काम भारी, पण आधीचं लवकर विसरत नाही

एचटूआरजी म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश टिपणारी कॅमेऱ्याची चिप. आता हा डिटेक्टर कोणी दुकानात जाऊन घेत नाही, मी पण नाही घेतलाय. पण जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या निअरकॅम या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात असे 10 बसवलेत आणि त्याचा कच्चा डेटा काही काळाने सगळ्यांना फुकट उतरवता येतो, तो बरेच महिने चिवडत बसलोय म्हणून लिहितोय.

2048 बाय 2048 पिक्सेल, म्हणजे एका चिपला जेमतेम 4 मेगापिक्सेल. फोनवाले हसतील. पण फोनमधलं सिलिकॉन 1.1 मायक्रॉन तरंगलांबीच्या पुढे आंधळंच असतं, आणि इथे वर पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा थर आहे, त्यात कॅडमियम किती आणि पारा किती यावर कुठपर्यंत दिसणार ते ठरतं. निअरकॅममध्ये 8 चिप 2.5 मायक्रॉनच्या आसपास थांबणाऱ्या आणि 2 पार 5 मायक्रॉनपर्यंत जाणाऱ्या. खाली सिग्नल वाचणारं सिलिकॉनचं रीडआउट सर्किट, आणि दोघांना जोडायला प्रत्येक पिक्सेलला इंडियमचा एकेक बारीक ठिपका, असे चाळीस लाखांच्या वर ठिपके, विचार करा!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाचलं तरी प्रकाशाने जमलेला चार्ज पुसला जात नाही. सीसीडीत (जुन्या पद्धतीच्या कॅमेरा चिपमध्ये) एकदा वाचलं की खेळ खलास, इथे एक्स्पोजर चालू असतानाच पिक्सेल परत परत वाचायचा, पूर्ण फ्रेमला साधारण 10.7 सेकंद, आणि सिग्नल कसा चढत जातो ती रेघ बघायची. मध्येच कॉस्मिक किरण आदळला तर रेघेत टुणकन उडी दिसते, तेवढा तुकडा टाकून बाकीचा उतार वापरायचा, अख्खं एक्स्पोजर वाया जात नाही. कडेचे 4-4 पिक्सेल प्रकाश घेतच नाहीत, नुसते रेफरन्सला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची गडबड मोजून वजा करायला. आधी वाटलं फुकट घालवलेत, मग ते न वापरता एक इमेज काढून बघितली आणि गप्प बसलो 😅

तक्रारी आहेतच. रेफरन्स पिक्सेल वापरूनही 1/एफ नॉइजच्या (इलेक्ट्रॉनिक्सच्या हळूहळू बदलणाऱ्या गोंधळाच्या) आडव्या पट्ट्या पुरत्या जात नाहीत, फिकट गॅलेक्सी शोधताना डोक्याला ताप. आणि पर्सिस्टन्स! आधी भगभगीत तारा बघितला असेल तर त्याचं भूत पुढच्या फोटोत येतं, कारण मटेरियलमधल्या दोषांत अडकलेला चार्ज सावकाश सुटत राहतो. हबल दुर्बिणीच्या डब्ल्यूएफसी3 कॅमेऱ्यात पण हेच रडगाणं आहे, म्हणजे आजार खानदानी. वर स्नोबॉल, जड कण आदळला की पडणारा गोल पांढरा डाग, तो साध्या उडीसारखा पकडायला गेलं तर कडेचं वलय तसंच राहून जातं.

5 मायक्रॉनच्या पुढचं मात्र याच्याकडून मागू नका, त्यासाठी वेबवर मिरी हे दुसरं उपकरण आहे, त्यातले आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे डिटेक्टर 7 केल्विनच्या खाली ठेवावे लागतात, निअरकॅमचं 40 च्या आसपास भागतं.

कोणाला हात घालायचा असेल तर तयार इमेज नका घेऊ, अनकॅल फाइल (कसलीही प्रक्रिया न केलेला कच्चा डेटा) उतरवा, रेघा त्यातच दिसतात. फक्त डिस्कवर भरपूर जागा ठेवा, माझी दुसऱ्याच दिवशी भरली.