अट्रामेंटुम की एन्काउस्टुम: बोरूसाठी कोणती शाई?

जुन्या युरोपीय वळणाचं सुलेखन शिकायला घेतलं की शाईची दोन लॅटिन नावं हमखास समोर येतात. अट्रामेंटुम ही काजळीची शाई, तर मध्ययुगीन लेखनिकांची एन्काउस्टुम ही मायफळ आणि हिराकसाची. कोणती घ्यावी, हे तुम्ही लिहिणार कशावर यावर ठरतं.

कागदावर लिहिणार असाल तर बेलाशक अट्रामेंटुम घ्या. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने तिची कृती नोंदवून ठेवली आहे: राळ जाळून काजळी धरायची आणि ती डिंकाच्या पाण्यात खलायची. भिंती रंगवणारे डिंकाऐवजी सरस घालत. आपल्या पोथ्यांची काजळीची शाई याच जातीची, त्यामुळे बोरूला ती छान मानवते. काजळी म्हणजे कार्बन. ती उन्हाने विटत नाही आणि कागदाला खात नाही. मात्र ती वरवरच बसते, ओल्या स्पंजने पुसली जाते. रोमन सम्राट कॅलिगुलाने एका वक्तृत्व स्पर्धेत हरलेल्यांना आपलं लिखाण स्पंजने किंवा जिभेने पुसायला लावलं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो! यावर प्लिनीचा उपाय सोपा आहे: थोडा शिरका घाला, मग शाई सहजी धुतली जात नाही.

चर्मपत्रावर लिहायचं असेल तर मात्र एन्काउस्टुम. मायफळातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह एकत्र येतात. लिहिताना अक्षर फिकं दिसतं, हवा लागली की काळं होतं आणि कातड्यात मुरतं. खोडायचं तर चाकूने खरवडावं लागतं. चौथ्या शतकातलं सिनायचं बायबल हे चर्मपत्रावरचं हस्तलिखित याच प्रकारच्या शाईत लिहिलेलं आहे आणि आजही वाचता येतं.

हीच शाई कागदावर घातक ठरते. तिच्यातलं आम्ल आणि जास्तीचं लोह कागद कुरतडतात. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात जर्मन संगीतकार बाखच्या स्वरलिपीची कितीतरी पानं अशीच खाल्ली गेली. प्रत्येक पानाचे जाडीत दोन पापुद्रे करून मध्ये आधाराचा पातळ कागद घालावा लागला. ते वाचल्यापासून कागदासाठी ही शाई सुचवायला माझं मन धजत नाही.

खरेदी करताना ‘एन्कॉस्टिक’ नावाला फसू नका. ते वितळवलेल्या मेणातले रंग असतात, इजिप्तमधल्या फायूमच्या व्यक्तिचित्रांत वापरलेले. त्यांनी लिहिता येत नाही.

मायफळ काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीच्या सामानात मिळतं. हिराकस बेतानेच घाला. आणि घरी केलेली यातली कोणतीही शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन तुंबेल.